वापरलेली मोटार आणि विकणाऱ्याचा शब्द

दोन वर्षांपूर्वी, दिवाळी आटोपल्यावर, मी येथे इंदुरात एका विक्रेत्याकडून वापरलेली मोटार घेतली. नाताळच्या सुटीत मुलांना घेऊन वसईला आईकडे स्वतःच्या गाडीतून जावे, एवढीच हौस होती. शिक्षकांच्या पतपेढीतून कर्ज काढले आणि ३ लाख १० हजार रुपये मोजले. गाडी एकाच मालकाची, अपघात न झालेली आणि ३८ हजार किलोमीटर चाललेली, असे विक्रेत्याने सांगितले. मी ती दोनदा चालवून पाहिली, बॉनेट उघडून आत डोकावलो. आत नेमके काय पाहावयाचे असते हे मला ठाऊक नव्हते. परंतु घेणाऱ्याने डोकावावे, अशी रीत आहे. विक्रेत्याची मुलगी माझ्याच वर्गात शिकत होती. ‘सर, आपसे झूठ बोलूँगा क्या?’ असे तो म्हणाला आणि त्यानंतर काही लिहून मागणे मला अशिष्टपणाचे वाटले. त्याने पुढे केलेल्या कागदावर मात्र मी मुकाट्याने सही केली. त्याच्या तळाशी ‘गाडी पाहून, जशी आहे तशी घेतली’ अशी ओळ बारीक अक्षरांत छापलेली होती.

सेंधव्यापुढे बिजासनचा घाट उतरताना ब्रेकवरचा पाय खालीखाली जाऊ लागला. मागच्या आसनावर दोन्ही मुले झोपलेली होती. गाडी कशीबशी कडेला लागली. दुसऱ्या दिवशी धुळ्याला कंपनीच्या कार्यशाळेत तेथील माणसाने गाडीचा क्रमांक घालून जुन्या नोंदी काढल्या. दोन वर्षांमागेच ही गाडी ९१ हजार किलोमीटर चालली होती, आणि एका टकरीनंतर तिचा पुढचा भाग बदललेला होता.

परत आल्यावर मी विक्रेत्याकडे गेलो. तो रागावला नाही. उलट चहा मागविला. गाडी तुम्ही स्वतः पाहिली, सही केली, आता तक्रार कसली, असे त्याचे म्हणणे. मीटर मागे फिरविलेला असल्यास तो मागच्या मालकाने. मलाही ते ठाऊक नव्हते. शिवाय मी तर नुसता मध्यस्थ, असेही त्याने जाता जाता सांगितले. मी शिकलेला मनुष्य, तरी त्या घटकेला मला याचे उत्तर सुचले नाही. ते पुढे पुस्तके चाळून मिळाले, आणि आज जे सांगावयाचे आहे ते तेवढेच.

घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवून घ्यावे, हा बाजाराचा जुना नियम. आपल्या १९३० सालच्या मालविक्री कायद्यातील १६व्या कलमाचा आरंभही त्याच धर्तीचा आहे. परंतु त्याआधीचे १५वे कलम फारसे कोणी वाचीत नाही. वस्तू वर्णनावरून विकली असेल तर ती त्या वर्णनाशी जुळलीच पाहिजे, असे ते सांगते. वर्णन म्हणजे वस्तूची स्तुती नव्हे. ‘गाडी झकास आहे’ हे वर्णन होत नाही. ‘३८ हजार किलोमीटर, एक मालक’ हे होते.

पण वस्तू समोर उभी असताना, ती पाहून घेतली असताना, ‘वर्णनावरून’ घेतली असे म्हणता येईल काय? हा प्रश्न १९६७ साली इंग्लंडच्या अपील न्यायालयापुढे आला होता. एका गृहस्थाने ‘१९६१ सालची हेरल्ड’ अशी जाहिरात वाचून, जाऊन, पाहून, १९० पौंडांना मोटार घेतली. पुढे कळले की तिचा मागचा अर्धा भाग तेवढा १९६१ सालचा. पुढचा अर्धा त्याहून जुन्या गाडीचा, आणि दोन्ही अर्धे मधोमध सांधलेले! विकणारा लबाड नव्हता. त्यालाही हे ठाऊक नव्हते. तरीही न्यायालयाने विक्री वर्णनावरूनच झाली असे ठरविले आणि १२५ पौंड भरपाई देवविली. आपला १९३० चा कायदा इंग्रजी कायद्याच्याच वळणाचा असल्याने हा निवाडा मला फार जवळचा वाटला. मी पाहिले होते, पण पाहून जे कळत नाही त्यासाठीच तर त्याच्या शब्दावर विसंबलो होतो.

आपल्याकडील दाखला गोव्याचा. तेथील एका ग्राहकाने २०११ सालची नवी इंडिगो म्हणून पूर्ण किंमत भरली. समोर आली ती २००९ सालची, ६२२ किलोमीटर चाललेली आणि अंगभर ओरखडे असलेली. ग्राहक मंचापासून राष्ट्रीय आयोगापर्यंत निकाल त्याच्या बाजूने लागले. १८ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मात्र गाडी बनविणाऱ्या टाटा मोटर्सला त्यातून मोकळे केले. कारण कंपनीचा दोष तक्रारीत मांडलेला नव्हता आणि सिद्धही झालेला नव्हता. विक्रेत्याची जबाबदारी कायम राहिली. ज्याने शब्द दिला त्याच्यावर बोट ठेवावे आणि ते कागदावर ठेवावे, एवढे मी त्यातून घेतले.

राहिला मध्यस्थाचा मुद्दा. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला परिवहन कार्यालयाचे अधिकारपत्र घ्यावे लागते. गाडी त्याच्या ताब्यात आल्याची सूचना त्या कार्यालयाकडे गेली की तोच तिचा मालक समजला जातो. घेणाऱ्याने हे अधिकारपत्र आधी पाहावे. मी पाहिले नव्हते.

माझ्या सहीचा काटा उरलाच होता. तो काढला माझ्या पत्नीने. विक्रेत्याने प्रथम फोनवर पाठविलेली जाहिरात तिने जपून ठेवली होती. किलोमीटरचा आकडा, ‘एक मालक’, ‘अपघात नाही’, सारे त्यात लिहिलेले. ती छापील ओळ खरी, तसे हेही त्याचेच अक्षर. जाहिरात आणि धुळ्याची नोंद जोडून मी नोंदणीकृत टपालाने नोटीस धाडली. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत, आपण राहतो त्या जिल्ह्यात, तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि वकील नेमलाच पाहिजे असेही नाही. हे मी नोटिशीत लिहिले. एक चूक मात्र झाली होती. धुळ्याला दोष कळल्यावरही ब्रेक दुरुस्त करून मी गाडी वसईपर्यंत नेली आणि परत आणली. वस्तू स्वीकारून वापरली की मालविक्री कायद्याप्रमाणे ती परत करण्याचा हक्क सामान्यतः जातो आणि भरपाई तेवढी उरते. दोष कळला त्याच दिवशी गाडी उभी करून पत्र लिहावयास हवे होते.

त्या दोन महिन्यांत त्याची मुलगी रोज पहिल्या बाकावर बसत असे. तिला यातले काही ठाऊक होते की नाही, मी विचारले नाही. तिची उत्तरपत्रिका मात्र मी प्रत्येक वेळी दोनदा तपाशीत असे. राग एखाद्या अर्ध्या गुणात उतरेल, ही भीती वाटे. एकदा दुसऱ्या तपासणीत तिचे दोन गुण वाढलेही.

शेवटी त्याने ४५ हजार रुपये दोन हप्त्यांत दिले. नुकसान त्याहून अधिक होते; पण आयोगाच्या दारी न जाता मिटले, म्हणून मी ते घेतले. गाडी अजून माझ्याकडेच आहे. कोणी ‘किती चालली?’ असे विचारले की माझी धाकटी मीटर वाचते, त्यात त्रेपन्न हजार मिळविते आणि मगच उत्तर देते.