राजीनामा देऊन निघालेली माणसं



आज पदवी घेतलेल्या तुमच्यातले बरेच जण आता नोकरी शोधतील, काही पुढे शिकतील. थोड्यांनी तरी एखाद्या राजकीय पक्षाचं काम हाती घ्यावं, अशी माझी मनापासून इच्छा आहे. म्हणूनच आपल्या प्रजासत्ताकात पक्ष कसे जन्मले, हे आज सांगणार आहे.

२६ जानेवारी १९५० रोजी संविधान अमलात आलं, तेव्हा त्यात संसद होती, निवडणूक आयोग होता, प्रत्येक प्रौढाला मताचा हक्क होता. राजकीय पक्षांबद्दल मात्र एक शब्द नव्हता. तो १९८५ साली दहाव्या अनुसूचीतून आला, तोही पक्षांतराला आळा घालण्यासाठी. तोवर पक्षाशी बांधिलकी ज्याच्या त्याच्या सद्सद्विवेकावर सोडलेली होती.

ती बांधिलकी कशी निभावली गेली, हे पाहायला १९४८ सालात जावं लागतं. २९ जानेवारीला गांधीजींनी एक मसुदा लिहिला: स्वातंत्र्य मिळालं, आता काँग्रेसनं राजकीय संघटना म्हणून स्वतःचं विसर्जन करावं आणि लोकसेवक संघ व्हावं. दुसऱ्या दिवशी त्यांची हत्या झाली. काँग्रेस विसर्जित झाली नाही. उलट पुढच्याच महिन्यात तिनं नियम केला, की ज्या गटाची वेगळी घटना, वेगळं सदस्यत्व आणि वेगळा कार्यक्रम आहे, त्याला काँग्रेसमध्ये जागा नाही. सरकार चालवणाऱ्या पक्षाला शिस्त लागते, त्यामुळे हा नियम मला गैर वाटत नाही. पण इंग्रजांशी लढताना जमीनदार आणि कूळ, गिरणीमालक आणि कामगार एकाच झेंड्याखाली उभे होते. ते दिवस त्या नियमानं संपवले.

समाजवाद्यांना हा घाव सर्वांत खोल लागला. त्यांच्या पक्षाची कल्पना नाशिकच्या तुरुंगात आकाराला आली होती. जयप्रकाश नारायण, अच्युतराव पटवर्धन, ना. ग. गोरे, एस. एम. जोशी अशी माणसं तिथे बंदिवासात होती. १९३४ साली काँग्रेसच्याच पोटात तो पक्ष स्थापन झाला आणि मार्च १९४८ मध्ये, नाशिकच्याच अधिवेशनात, त्यानं काँग्रेस सोडायचं ठरवलं.

मग जे घडलं ते तुम्ही लक्षात ठेवावं असं मला फार वाटतं. समाजवादी नेते आचार्य नरेंद्र देव आणि त्यांचे सहकारी संयुक्त प्रांताच्या विधानसभेत काँग्रेसच्या तिकिटावर निवडून आले होते. पक्ष सोडला म्हणून त्यांनी आमदारकीचे राजीनामे दिले. कुठल्याही कायद्यानं तशी सक्ती नव्हती. ज्या नावावर मतं मागितली ते नाव सोडलं, तर जागाही सोडायची, एवढाच हिशेब. पोटनिवडणूक झाली आणि नरेंद्र देवांसारखा विद्वान, त्यागी माणूस पराभूत झाला. मला या पराभवाइतकी मोठी राजकीय शिकवण आपल्या इतिहासात क्वचितच दिसते.

आपल्याकडे केशवराव जेधे, शंकरराव मोरे यांच्या शेतकरी कामगार पक्षाची वाटही तीच. शेतकऱ्याचं राज्य येईल ही आशा काँग्रेसमध्ये पुरी होईना, तेव्हा बहुजन समाजातले हे कार्यकर्ते बाहेर पडले आणि १९५० साली नाशिक जिल्ह्यातल्या दाभाडी गावी त्यांनी आपली वैचारिक भूमिका लेखी मांडली. जेधे काही वर्षांनी काँग्रेसमध्ये परतले, पक्ष मात्र उभा राहिला. पुढे १९५१ मध्ये आचार्य कृपलानींचा किसान मजदूर प्रजा पक्ष आला, श्यामाप्रसाद मुखर्जींचा जनसंघ आला.

पहिली सार्वत्रिक निवडणूक त्या हिवाळ्यात झाली. मतदान केंद्रात प्रत्येक उमेदवाराची वेगळी लोखंडी पेटी होती आणि तिच्यावर चिन्ह: काँग्रेसची बैलजोडी, समाजवाद्यांचं वडाचं झाड, कृपलानींची झोपडी, डॉ. आंबेडकरांच्या शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचा हत्ती. अक्षरओळख नसलेली बाई पडद्याआड जाऊन आपली मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकत होती. त्यातल्या लाखो पेट्या विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात घडल्या. लोकसभेच्या ४८९ पैकी ३६४ जागा काँग्रेसला मिळाल्या, पण मतं सुमारे ४५ टक्के. समाजवाद्यांनी दहा टक्क्यांवर मतं घेतली आणि हाती आल्या १२ जागा. बाहेर पडण्याची किंमत अशी चोख वसूल झाली.

याच निवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईत पराभूत झाले. तरी पक्षबांधणीचा विचार त्यांनी सोडला नाही. आयुष्याच्या अखेरच्या वर्षात ते रिपब्लिकन पक्षाची आखणी करत होते. त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपुरात तो स्थापन झाला. आणि १९५६ मध्येच त्यांनी मुंबईत राजकारणात येऊ पाहणाऱ्यांसाठी प्रशिक्षणाची शाळा काढली. विद्यार्थी मूठभर होते, शाळा वर्षभरही टिकली नाही. पण राजकारणातही शिकून, तयारी करून उतरायचं असतं, ही त्यांची धारणा त्या शाळेत दिसते.

तुम्ही शिकला आहात. नोंदणी करताना प्रत्येक पक्षाला आपली घटना निवडणूक आयोगाकडे द्यावीच लागते, असा आता कायदा आहे. ज्या पक्षाकडे तुमचा ओढा असेल, त्याची घटना मिळवून वाचा. अध्यक्ष कोण निवडतो, उमेदवारी कोण ठरवतो, सामान्य सदस्याला बैठकीत बोलता येतं का, आणि शेवटची अंतर्गत निवडणूक कधी झाली, हे तालुक्याच्या कार्यालयात जाऊन विचारा.