कोंबडा, बैल आणि भाकडकथा



आधी एक कबुली देतो. या बडोद्यात मी तीस-एकतीस वर्षे इंग्रजी शिकवले. तुमच्यापैकी कित्येकांची मुले माझ्या वर्गात होती आणि त्या सगळ्यांना मी 'कॉक अँड बुल स्टोरी' या शब्दप्रयोगाची एकच जन्मकथा सांगितली. लंडनहून वायव्येस जाणाऱ्या जुन्या हमरस्त्यावर स्टोनी स्ट्रॅटफर्ड नावाचे गाव आहे. तिथे 'द कॉक' आणि 'द बुल' अशा दोन सराया. घोडागाड्यांचे उतारू तिथे थांबत, आणि एका सराईतली बातमी दुसरीत पोचेपर्यंत तिला भरपूर तिखटमीठ लागे. म्हणून न पटणाऱ्या गोष्टीला हे नाव पडले!

मुले खूष होत. मीही होत असे. पण रॉबर्ट बर्टनच्या 'द अ‍ॅनाटमी ऑफ मेलँकली' या १६२१ सालच्या ग्रंथातच गुत्त्यात बसून कोंबड्या-बैलाच्या गप्पा हाणणारी मंडळी भेटतात. म्हणजे घोडागाड्यांची नियमित ये-जा सुरू होण्याआधीच हे शब्द लोकांच्या तोंडी होते. फ्रेंचमध्ये भरकटलेल्या बोलण्याला 'कोंबड्यावरून गाढवावर' अशा अर्थाचा जुना वाक्प्रचार आहे. इंग्रजी प्रयोग त्याच्याच भावकीतला असावा, असा एक तर्क आहे. मला तो सरायांपेक्षा अधिक पटतो. म्हणजे मी इतकी वर्षे भाकडकथेचा अर्थ सांगताना भाकडकथाच सांगत होतो.

आता आपला शब्द पाहा. भाकड म्हणजे दूध आटलेली गाय किंवा म्हैस. चारा खाते, देत काही नाही. ऐकणाऱ्याचा वेळ खाणाऱ्या गोष्टीला आपल्या लोकांनी थेट गोठ्यातून नाव आणले. याला सरायही लागत नाही.

'स्पिन अ यार्न' म्हणजे लांबलचक गोष्ट सांगणे. जहाजावर दोरखंडाचे सूत वळता वळता खलाशी गप्पा मारीत, त्यातून हा प्रयोग आला, असे सांगतात. असेलही. पण त्याची एक अगदी जुनी नोंद आहे ती चोर-कैद्यांच्या बोलीच्या कोशात. जेम्स हार्डी वॉक्स या ऑस्ट्रेलियात धाडलेल्या कैद्याने तो १८१२ साली तयार केला आणि १८१९ साली तो छापला गेला. आपल्याकडे मात्र कंटाळवाणे बोलणारा चऱ्हाट वळतो. चऱ्हाट म्हणजेही दोरच! समुद्र न पाहिलेल्या माणसालाही ही उपमा सुचली. तेव्हा दोन भाषांत सारखी कल्पना दिसली की एकीने दुसरीकडून उचलली, असे लगेच ठरवू नये.

हे सारे आज का सांगतो? या सभागृहातल्या निम्म्या घरांत मूळपुरुष गायकवाडांच्या फौजेबरोबर इथे आल्याची कथा आहे. माझ्याही घरात आहे. आमच्या कथेत एक घोडी आहे. आजोबांच्या तोंडी ती पांढरी होती, वडिलांच्या तोंडी अबलख झाली, आणि परवा मी नातीला सांगितली तेव्हा तिने विचारले, "आजोबा, हे कुठे लिहून ठेवलंय?"

स्टोनी स्ट्रॅटफर्डच्या सराया मी एका सालाच्या बळावर निकालात काढल्या. घरच्या घोडीपाशी मात्र हात थबकतो. माळ्यावर जुन्या कागदांचे एक गाठोडे आहे. या दिवाळीत ते सोडायचे, असे नातीला कबूल करून बसलो आहे.