जहाज नसलेला वाहतूकदार

निफाडचा बागायतदार न्हावाशेवा बंदरातून युरोपला द्राक्षे धाडतो, तेव्हा जहाज कंपनीशी त्याची गाठ क्वचितच पडते. मध्ये असतो फ्रेट फॉरवर्डर. त्याचे स्वतःचे जहाज बहुधा नसते. पण रीफर कंटेनर मिळवणे, जहाजावर जागा राखणे, सीमाशुल्काची कागदपत्रे, सारे त्याच्याकडे. आपण त्याला सर्रास दलाल म्हणतो, हा अन्याय आहे. २०२४ च्या हंगामात हुथींच्या हल्ल्यांमुळे जहाजे तांबडा समुद्र टाळून आफ्रिकेला वळसा घालू लागली. प्रवास सुमारे दोन आठवड्यांनी लांबला, भाडी भडकली. द्राक्षे काही थांबत नाहीत! अशा वेळी कोणते जहाज धरावे, या त्याच्या निर्णयावर बागायतदाराचे अख्खे वर्ष टांगलेले असते. म्हणून भाड्याची घासाघीस करण्याआधी त्याला विचारा : माल वाटेत नासला, तर जबाबदारी कोणाची? बिल ऑफ लेडिंगवर वाहक म्हणून नाव कोणाचे?