बीडची परसबाग : पाण्याच्या हिशेबाने

परसबागेची आखणी सहसा जागा बघून होते. बीड जिल्ह्यात ती पाणी बघून करावी लागते. जिल्ह्याचा सरासरी पाऊस साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास. त्यातही आष्टी, पाटोदा, शिरूर कासार हे बालाघाटाकडचे तालुके अधिक कोरडे. गोदाकाठच्या गावांत विहिरीच्या भरवशावर थोडी सढळ बाग चालते. डोंगरपट्ट्यात टँकर सुरू झाला की सर्वांत आधी अंगणातला वाफा वाळतो.

हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर जमिनीवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. हिवाळ्यात भाजीच्या वाफ्याला दर चौरस मीटरमागे दिवसाला तीन-चार लिटर पुरतात. एप्रिल-मेमध्ये सात-आठ लागतात. पाच माणसांच्या घरात आंघोळीचे 75 ते 100 लिटर पाणी रोज न्हाणीतून नालीत जाते. तेवढ्यावर उन्हाळ्यात दहा चौरस मीटर बाग हिरवी राहते. याहून मोठी काढली तर मे महिन्यात ती सगळीच हातची जाते. पत्र्याच्या छतावरचे पावसाचे पाणीही मोलाचे आहे. 30 चौरस मीटर पत्र्यावर 600 मिलिमीटर पाऊस म्हणजे 18 हजार लिटर. ते सगळे साठवणे कोणाला परवडत नाही. पण दोन हजार लिटरची टाकी भरली तर पावसाच्या खंडात वाफा तगतो.

बीड शहराजवळच्या, निजामशाहीच्या काळातल्या खजाना विहिरीचे पाणी मोटेशिवाय, केवळ उताराने, भुयारी पाटांतून मळ्यांपर्यंत नेलेले आहे. घरातही तोच उतार साधावा. न्हाणीच्या खालच्या अंगाला वाफे घेतले की पाणी आपोआप पोचते. बादल्या वाहून बाग फार दिवस टिकत नाही, आणि त्या बादल्या बहुतेक घरी बाईच्याच वाट्याला येतात. कपडे धुतलेले पाणी मात्र भाजीला देऊ नये. पावडरीतल्या सोडियमने काळी जमीन आणखी चोपण होते. ते पाणी केळीच्या किंवा कर्दळीच्या खड्ड्यात सोडावे. कोथिंबीर, मुळा अशा कच्च्या खायच्या भाज्यांना न्हाणीचेही पाणी नको. त्यांना प्यायच्या पाण्यातले उरलेसुरले द्यावे.

वेलवर्गीय भाज्यांसाठी पुरलेले मडके हा सर्वांत काटकसरीचा उपाय. पाच-सहा लिटरचे, पक्के भाजलेले पण रंग न दिलेले मडके गळ्यापर्यंत मातीत पुरायचे, तोंडावर झाकणी ठेवायची आणि भोवती चार-पाच दोडक्याच्या किंवा काकडीच्या बिया टोकायच्या. मुळे मडक्याच्या ओलीकडे धावतात. तीन-चार दिवसांनी एकदा भरले की पुरते, शिवाय वरची माती कोरडी राहिल्याने तण कमी. बोअरचे पाणी जड असेल तर हळूहळू मडक्याची छिद्रे क्षाराने बुजतात आणि पाझर थांबतो. मडके मग बदलावे लागते.

जमिनीबद्दल दोनच गोष्टी. काळी माती पावसाळ्यात पाणी धरून बसते, तिथे उंच गादीवाफे हवेत. डोंगरातली मुरमाड जमीन पाणी धरत नाही, तिथे खोलगट आळे आणि भरपूर शेणखत. आच्छादन दोन्हीकडे हवे. ऊस पिकवणाऱ्या भागात पाचट मुबलक असते, आणि ते फडातच पेटवून देण्याची खोड काही जात नाही. चार बोटे जाडीचा पाचटाचा थर वाफ्यावर पसरला तर पाणी बरेच वाचते आणि वर्षभरात त्याचेच खत होते. उसाची चिपाडे आणि घरचा ओला कचरा यांवर थोड्याशा मातीत भाजी पिकवण्याची पद्धत श्री. अ. दाभोळकरांच्या ‘प्रयोग परिवारा’ने रुजवली, मुंबईतल्या गच्च्यांवरही ती पोचली. शेण-गोमूत्र मिळत असेल तर जीवामृताचे प्रमाण लक्षात ठेवायला सोपे आहे : 20 लिटर पाण्यात एक किलो ताजे शेण, एक लिटर गोमूत्र, 200 ग्रॅम गूळ, 200 ग्रॅम बेसन आणि बांधावरची मूठभर माती. सावलीत ठेवून सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळावे आणि आठवडाभरात संपवावे.

काय लावावे? कोबी-फ्लॉवरच्या नादी लागू नये. पाणीही खातात, किडीही बोलावतात. गवार, चवळी, भेंडी, दोडके, अंबाडी, आंबट चुका, तांदुळजा ही इथली पिके. मृगाचा पाऊस होताच बी पडले पाहिजे. मेथी, शेपू, पालक थंडीत. कुंपणाला शेवगा, हादगा, कढीपत्ता आणि सीताफळ. बीडच्या सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि अंबाजोगाईला त्याचे संशोधन केंद्र आहे. पण परसातला त्याचा खरा गुण वेगळाच : त्याच्या पानांना शेळी तोंड लावत नाही.

कीड ओळखायची ती पान उलटून. मिरचीचे पान वरच्या बाजूला वळले, खालच्या अंगाला केसासारखे पिवळसर फुलकिडे दिसले, तर तो बोकड्याचा आरंभ. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या तर औषध शोधू नये. रोप उपटून जाळावे, कारण पांढरी माशी तो रोग शेजारच्या झाडावर नेते. एवढ्याशा बागेसाठी दशपर्णी अर्काचा घाट घालण्यातही अर्थ नाही, निंबोळी अर्क पुरतो. जून-जुलैत पडलेल्या निंबोळ्या सावलीत वाळवून ठेवाव्यात. लिटरमागे 50 ग्रॅम कुटून रात्रभर भिजवाव्यात, सकाळी फडक्याने गाळून त्यात चिमूटभर साबण मिसळावा आणि त्याच संध्याकाळी फवारावे. उन्हात त्याचा जोर जातो, दुसऱ्या दिवशी तो कामाचा राहत नाही.

जिल्ह्यातल्या हजारो घरांना आणखी एक बंधन आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास कुटुंब ऊसतोडीला जाते ते उन्हाळ्याच्या तोंडी परतते. परसबागेचे छापील वेळापत्रक अशा घरी निरुपयोगी. इथे जूनमध्ये पेरून दसऱ्यापर्यंत हाती येणारी गवार, चवळी, भेंडी घ्यावी आणि रब्बीच्या वाफ्यांचा मोह सोडावा. घरी म्हातारी माणसे राहणार असतील तर त्यांना पेलेल एवढाच, मडक्यावरचा एखादा वेल आणि एक मेथीचा वाफा ठेवावा. पहिल्या दोन उन्हाळ्यांत पाणी दिलेला शेवगा पुढे स्वतःच्या जोरावर उभा राहतो आणि मार्च-एप्रिलमध्ये शेंगा देतो. निघण्यापूर्वी दोडका, गवार, चवळीच्या दोन-चार शेंगा वेलावरच वाळवून बी राखेत घोळून गाडग्यात भरावे. पुढच्या मृगाला बियाणे विकत घ्यावे लागत नाही. संकरित वाणाचे बी मात्र असे धरू नये, ते दुसऱ्या वर्षी मूळ गुण दाखवत नाही. रोपे आणि सल्ल्यासाठी जिल्ह्यात अंबाजोगाई आणि गेवराई तालुक्यातील खामगाव येथे कृषी विज्ञान केंद्रे आहेत.