मीठ मोजून खा, गोळी चुकवू नका



जमीन खारवली की आपण माती तपासतो. रक्तदाब मात्र तपासत नाही, कारण तो दुखत नाही. बरे वाटते म्हणून माझ्या वडिलांनी गोळ्या सोडल्या आणि अर्धांगवायूने ते अंथरुणाला खिळले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ हवे. म्हणजे चौघांच्या घरात महिन्याला ६०० ग्रॅमच्या आत. लोणचे, पापड, फरसाण यांतले मीठही त्यातच धरा. पानात वरून मीठ घेऊ नका.

पालेभाज्या, कडधान्ये, केळी यांतून पालाश मिळते. ते जादा सोडियम लघवीवाटे बाहेर टाकण्यास मदत करते. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

आहार ही औषधाला जोड आहे, पर्याय नव्हे. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब तपासून घ्या.