रांजण राखायचे तर नदी राखा

पारनेर तालुक्यात निघोजजवळ कुकडी नदीच्या पात्रातले रांजणखळगे पाहायला लांबून लांबून माणसे येतात. या काठाला आपला अहिल्यानगर जिल्हा, पलीकडे पुणे जिल्ह्यातले टाकळी हाजी, आणि या खळग्यांच्या कुंडावर मळगंगा देवीचे ठाणे. खळग्यांचे जतन म्हणजे कठडे आणि फलक, अशी आपली समजूत झाली आहे. माझे म्हणणे असे, की रांजण राखायचे तर आधी नदी राखली पाहिजे. पुरावा खडकातच आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा हा काळा कातळ. त्याच्या खोलगट भागात पुराचे पाणी भोवरा धरून फिरू लागले, की बरोबरचे गोटे आणि वाळू जात्यासारखी खडक दळतात. रांजणात वाकून पाहावे : भिंत गुळगुळीत, तिच्यावर गोल फिरलेले वळसे आणि तळाशी झिजून वाटोळे झालेले गोटे. पुढे शेजारच्या दोन रांजणांमधली भिंत ढासळते आणि घळ रुंद होत जाते. म्हणजे हे काम संपलेले नाही. पाणी, वाळू आणि गोटे आहेत तोवर ते चालूच राहणार.

कोणी म्हणेल, कोट्यवधी वर्षे टिकलेल्या कातळाला माणूस काय करणार? कातळ टिकेलही, पण वाळू उपसली तर त्याला घडवणारी हत्यारेच जातात, सांडपाणी सोडले तर कुंडाचे डबके होते, आणि छिन्नीने कोरलेले नाव पुसायला नदीला कित्येक पिढ्या लागतात. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. नदीच्या वरच्या अंगाला येडगावला धरण आहे. त्याच्या डाव्या कालव्यावर पारनेर, श्रीगोंदा, कर्जतची शेते भिजतात. मग खडकासाठी नदीत पाणी सोडून शेतकऱ्याचे पाणी तोडायचे का? मुळीच नाही. या अवर्षणी भागात कालव्याच्या आवर्तनाचे मोल कोणालाही सांगायला नको. मागणी एवढीच, की पात्रातून वाळू उचलू नये, गावांचे सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय नदीत सोडू नये आणि पुराची वाट बांधकामांनी अडवू नये. यात शेतीचे काहीच जात नाही. उलट काठच्या विहिरींचे भलेच होते.

नदी जिल्ह्याची हद्द असली, तरी रांजण दोन्ही काठांचे आहेत. निघोज आणि टाकळी हाजीच्या ग्रामसभांनी एकत्र बसून या तीन मागण्यांचा ठराव करावा. आणि पाहायला जाणाऱ्यांनो, रांजणातला गोटा आठवण म्हणून घरी आणू नका. त्याचे काम अजून बाकी आहे.