कृष्णद्रव्याचा शोध आणि ‘नाही’ या उत्तराचे मोल



आज आम्ही आपल्यापुढे अशा एका शोधाची हकिगत ठेवणार आहोत, की ज्यात शोधणाऱ्यांच्या हाती ती वस्तू अद्याप लागलेली नाही. तरीही विद्यार्थ्यांनी हा शोध समजून घेणे अगत्याचे आहे.

1933 साली फ्रिट्झ झ्विकी यांनी कोमा या दीर्घिकासमूहाचा अभ्यास केला. त्यातील दीर्घिकांचा वेग इतका होता, की दिसणाऱ्या ताऱ्यांचे गुरुत्वाकर्षण त्यांना धरून ठेवण्यास पुरे पडत नव्हते. 1970 साली व्हेरा रुबिन व केंट फोर्ड यांना देवयानी दीर्घिकेतही दूरवरचे तेजोमेघ अपेक्षेप्रमाणे मंदावताना दिसले नाहीत. रुबिन यांच्या तरुणपणी प्रिन्स्टनच्या खगोलशास्त्र विभागात स्त्रियांना पदव्युत्तर प्रवेशच नव्हता, हे आमच्या भगिनींनी ध्यानात ठेवावे. आज शास्त्रज्ञ मानतात, की विश्वात नेहमीच्या द्रव्याच्या सुमारे पाचपट न दिसणारे कृष्णद्रव्य आहे.

ते कशाचे बनले आहे? अ‍ॅक्सिऑन नावाचा अतिशय हलका कण हे एक संभाव्य उत्तर आहे. फ्रँक विल्चेक यांनी हे नाव कपडे धुण्याच्या एका पावडरीवरून घेतले! 1983 साली पिएर सिकिव्ही यांनी तो शोधण्याची युक्ती सुचविली. प्रखर चुंबकीय क्षेत्रात अ‍ॅक्सिऑनचे रूपांतर सूक्ष्मलहरीत होऊ शकते. म्हणून चुंबकात धातूची पोकळ टाकी ठेवायची आणि रेडिओचे बटण फिरवावे तशी तिची वारंवारता हळूहळू बदलत ऐकत राहायचे.

अमेरिकेत सिॲटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात ‘एडीएमएक्स’ हा प्रयोग असाच चालतो. अडचण अशी, की एका वॅटचे कोटी कोटी कोटी भाग केले, तर त्यातील एका भागाहूनही हा संकेत क्षीण असतो. यंत्राच्या स्वतःच्या उष्णतेची खरखर त्याला सहज बुडवते. म्हणून टाकी उणे 273 अंशांच्या अगदी जवळ थंड करतात आणि संकेत वाढविण्यासाठी ‘स्क्विड’ हा क्वांटम संवेदक वापरला गेला आहे. हे अतिवाहक धातूचे लहानसे कडे असते. त्यात ठेवलेल्या पातळ अडथळ्यांतूनही इलेक्ट्रॉनच्या जोड्या आरपार जातात. हे भाकीत 1962 साली ब्रायन जोसेफसन यांनी केले, तेव्हा ते केंब्रिजचे 22 वर्षांचे विद्यार्थी होते.

इतके करूनही क्वांटम नियमांमुळे थोडी खरखर उरतेच. येल विद्यापीठातील ‘हेस्टॅक’ प्रयोगाने त्यावरही उपाय काढला. लहरीच्या दोन अंगांपैकी एकातील अनिश्चितता दाबायची, दुसऱ्यातील वाढू द्यायची आणि दाबलेल्या अंगाकडेच कान द्यायचा. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणे यामुळे शोधाचा वेग सुमारे दुप्पट झाला.

आणि सापडले काय? 2018 साली एडीएमएक्सने जाहीर केले, की 645 ते 680 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात असा अ‍ॅक्सिऑन आढळला नाही. हे अपयश नव्हे. तेवढी जागा पुन्हा धुंडाळण्याची गरज उरली नाही. या ‘नाही’वर विश्वास का ठेवायचा? कारण संशोधकांना न सांगता यंत्रात मधूनच बनावट संकेत सोडला जातो आणि तो त्यांना पकडता यावा लागतो. खरा संकेत आला असता तर ऐकू आला असता, अशी खात्री पटलेल्या यंत्राच्याच ‘नाही’ला किंमत असते.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्याकडे प्रयोगवहीत पुस्तकातले उत्तर आधी लिहून आकडे मागाहून बसविण्याची खोड फार. गुण मिळतात, पण विज्ञान तेथेच संपते. आलेला आकडा तसाच लिहा. तो चुकीचा वाटला तर उपकरण तपासा, पुन्हा मोजा; पण खोडून पुस्तकातला घालू नका. झ्विकींनी आपला आकडा जुळत नाही म्हणून खोडला असता, तर हा प्रश्नच उभा राहिला नसता.